महामारीत प्रवास करायचा की नाही हे लोकं ठरवतात कशावरून? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न कोविडच्या पहिल्या लाटेपासून येतायत आणि अजून थांबलेले नाहीत, कुठे नवीन व्हायरसची बातमी आली की इनबॉक्स परत भरतो. जे सारखे सारखे विचारले जातात ते इथे एकत्र केलेत. कुठूनही वाचायला सुरुवात करा, जिथे दोन प्रश्न एकमेकांत घुसतात तिथे नंबर दिलाय. मेडिकल सल्ला इथे मिळणार नाही, तो डॉक्टरांना विचारा. माणसं प्रवासाचं कसं ठरवतात एवढंच इथे पाहिलंय.

१. वाटणारी रिस्क आणि खरी रिस्क असे दोन प्रकार कशाला? धोका तो धोकाच ना?

खरी रिस्क म्हणजे अमुक ठिकाणी, अमुक दिवसांत, तुमच्या वयाच्या आणि तब्येतीच्या माणसाला आजार होण्याची आणि झालाच तर तो जड जाण्याची शक्यता. हा आकडा बहुतेक वेळा कोणालाच नीट माहीत नसतो, साथीच्या सुरुवातीला तर तज्ज्ञांनाही नसतो. पण तिकिटाचं आज रात्रीच काय ते ठरवायचं असतं, मग माणूस हाताशी जे आहे त्यावरून अंदाज बांधतो, म्हणजे बातम्या, ओळखीत कोणी आजारी पडलंय का, त्या जागेबद्दल आधीपासून काय मत आहे, घरचे काय म्हणतात, वगैरे. हा मनातला अंदाज म्हणजे वाटणारी रिस्क, आणि कॅन्सलचं बटण दाबायला लावते ती हीच.

आरोग्याबाबत माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे १९५० च्या दशकापासून या अंदाजाचे दोन भाग करतात: मला होईल का, आणि झालं तर किती वाईट होईल. प्रवासात तिसरा भाग येतो, तो म्हणजे झालं तेव्हा मी कुठे असेन. परक्या ठिकाणी, जिथली भाषा येत नाही, हॉस्पिटल माहीत नाही, तिथे तोच ताप घरच्यापेक्षा मोठा वाटतो. माझ्या मते खरे निर्णय या तिसऱ्या भागातच होतात, त्याबद्दल प्रश्न ९ बघा.

२. लोकं थांबली कारण बंदी होती. यात भीतीचा काय संबंध?

बॉर्डर बंद असेल तर विषयच संपला, तिथे तुम्हाला काय वाटतं याला अर्थ नाही. पण जिथे बंदी नव्हती किंवा उशिरा आली तिथे काय झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सायव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मोबाईलच्या लोकेशन डेटावरून शेजारशेजारच्या काऊंट्यांची (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची) तुलना केली, एकीकडे घरी बसायचा आदेश आणि लगेच पलीकडे आदेश नाही अशा. दुकानं-व्यवसायांकडे जाणारी वर्दळ ६० टक्क्यांनी घसरली होती, पण त्या ६० मधले आदेशाच्या खात्यात जेमतेम ७ आले. बाकीची लोकं स्वतःहून घरी बसली होती, आणि जिथे मृत्यूंच्या बातम्या जास्त तिथे जास्त बसली होती.

आता हा अभ्यास रोजच्या बाहेर पडण्याचा आहे, परदेशवारीचा नाही, तेव्हा ७ हा आकडा उचलून सगळीकडे चिकटवू नका. पण प्रवासातही असंच दिसतं. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्स हा श्वसनाचा व्हायरस पसरला तेव्हा देश बंद नव्हता, विमानं चालू होती, आणि तरी जूनमध्ये येणारे परदेशी पर्यटक आदल्या वर्षीच्या जूनपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. एकूण पेशंट होते १८६.

३. पेशंट एवढे कमी असताना लोकं एवढी का घाबरतात? आणि दरवर्षीच्या फ्लूला कोणी का घाबरत नाही?

हा प्रश्न जवळपास याच शब्दांत येतो आणि बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूने जगात दरवर्षी २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार लोकं जातात. त्यासाठी कोणी तिकीट कॅन्सल केल्याचं मी तरी ऐकलं नाही. २००३ च्या सार्समध्ये (हाही श्वसनाचा व्हायरस) सगळ्या जगात मिळून आठ हजारांच्या आसपास पेशंट आणि ७७४ मृत्यू, आणि पूर्व आशियातली हॉटेलं आणि विमानं ओस पडली.

पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने यावर आयुष्यभर काम केलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणूस धोका मोजताना मृत्यू मोजत नाही, दोन गोष्टी बघतो. एक, ही गोष्ट किती भयानक वाटते, आपल्या हातात काही आहे का नाही. दोन, ही किती नवीन आणि अनोळखी आहे. फ्लू दोन्हीत पास होतो, नवीन व्हायरस दोन्हीत नापास. त्यात भर म्हणून जे चटकन आठवतं ते जास्त घडतंय असं आपल्याला वाटतं (हे ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं), आणि पीपीई घातलेल्या माणसाचा फोटो एकदा पाहिला की तो विसरता येत नाही.

पण लगेच लोकांना मूर्ख म्हणायची घाई नको. नवीन आजारात अनोळखीपणा हीच एक माहिती असते. जानेवारी २०२० मध्ये पेशंट थोडेच होते आणि घाबरलेली माणसं आकड्यांच्या हिशोबाने चुकत होती, पण पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

४. भीती वाटली की लोकं ट्रिप कॅन्सल करतात, एवढंच ना?

नाही, आणि हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कॅन्सल करणं ही शेवटची पायरी, त्याआधी माणूस ट्रिप वाचवायचा बराच खटाटोप करतो.

पहिल्यांदा तारीख पुढे ढकलतात, कारण ढकलणं म्हणजे हार मानणं नाही, डिपॉझिट पण वाचतं. मग जागा बदलते: लांबचं सोडून जवळचं, परदेश सोडून देशातलंच, शहर सोडून डोंगर, समुद्र, जंगल. मग वाहन बदलतं, त्यावर पुढचा प्रश्न आहे. मग सोबत बदलते, मोठ्या ग्रुप टूरऐवजी फक्त घरचे. राहायला हॉटेलऐवजी आख्खं घर भाड्याने, जिथे लिफ्ट नाही, लॉबी नाही, बुफे नाही. आणि बुकिंगची पद्धत बदलते, सहा महिने आधी ठरवणारी माणसं निघायच्या आठवड्यात बुक करायला लागतात, कारण तोपर्यंत काय होईल कोणी सांगावं. हॉटेलवाल्यांना या शेवटच्या बदलाने सगळ्यात जास्त त्रास दिला असं मला वाटतं, महिना डोक्यावर येईपर्यंत तो भरणार की रिकामा जाणार हेच कळत नव्हतं.

या सगळ्यामागे एकच प्रश्न असतो, अनोळखी माणसांची हवा किती कमी करता येईल. म्हणून ज्या जागेला नैसर्गिकच अंतर आहे तिला फायदा झाला. मालदीवचं उदाहरण बघा, तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट असा प्रकार, १५ जुलै २०२० ला त्यांनी दारं उघडली आणि २०२१ मध्ये १३ लाखांच्या वर पर्यटक आले, २०१९ चे १७ लाख होते. बाकीचं जग तेव्हा कुठल्या कुठे मागे होतं. अमेरिकेत लोकांनी चाकांवरची घरंच विकत घ्यायला सुरुवात केली, २०२१ मध्ये अशा सहा लाख गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, तो तिथला विक्रम आहे.

५. विमानात फिल्टर असतात म्हणतात, मग विमानापेक्षा स्वतःची गाडी सेफ का वाटते? आणि खरंच असते का?

वाटते कारण स्टिअरिंग तुमच्या हातात असतं. कधी थांबायचं, कोणाला बसवायचं, काच किती उघडायची हे तुम्ही ठरवता, आणि जिथे आपला कंट्रोल आहे तिथला धोका माणसाला लहान दिसतो. विमानात दार बंद झालं की शेजारच्याच्या खोकल्यावर तुमचा काही इलाज नाही.

आता खरंच सेफ आहे का, तर उत्तर कुठला धोका मोजताय त्यावर आहे. मोठ्या विमानांतले हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात आणि केबिनमधली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते, बहुतेक ऑफिसांपेक्षा ते चांगलंच आहे. पण ही सिस्टीम पूर्ण जोरात चालते ती उडताना, आणि प्रवास म्हणजे फक्त उडणं नाही, रांग, सिक्युरिटी, एअरपोर्टची बस, चढताना आयलमध्ये ताटकळणं सगळं त्यात आलं. शिवाय फिल्टर असला तरी लागण होऊ शकते, मार्च २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानातून आलेल्या सुमारे वीस जणांना सार्स झाला आणि त्यातले काही आजारी माणसापासून बऱ्याच रांगा लांब बसलेले होते.

दुसरी बाजू रस्त्याची. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत बरीच लोकं विमान सोडून गाडीने जायला लागली. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशोब मांडला की पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यावर सुमारे १,५०० माणसं जास्त मेली. ती भीती दहशतवादाची होती, व्हायरसची नाही, पण गणित तेच लागतं. लांबच्या अंतराला रात्रभर गाडी चालवत जाणारा माणूस एक धोका टाळून दुसरा घेत असतो, फक्त दुसरा ओळखीचा असल्यामुळे तो मोजलाच जात नाही.

६. रोजच्या ट्रेन-बसचं काय?

तिथे चॉइसच कमी. ज्यांना घरून काम करता आलं किंवा ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी ट्रेन-बस सोडली, ज्यांचं काम हाताचं होतं ते भीती वाटत असूनही बसमध्ये चढत राहिले. म्हणून गर्दीच्या आकड्यावरून भीती मोजणारे रिपोर्ट जरा जपून वाचा, बसमध्ये बसलेला माणूस बिनधास्त आहे असं नाही, त्याला सुट्टी परवडत नाही इतकंच. सायकलींची विक्री बऱ्याच देशांत अचानक वाढली तीही याच काळात.

७. साथ एका देशात आणि लोकं दुसऱ्याच देशाचं बुकिंग कॅन्सल करतात, हे काय लॉजिक?

नकाशाचं लॉजिक नाही, नावाचं आहे. २०१४ मध्ये इबोला होता गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या पश्चिमेकडच्या तीन देशांत. पण बुकिंग कॅन्सल झाली केनिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सफारींची, जी हजारो किलोमीटर लांब आहेत. पॅरिस आणि माद्रिद लायबेरियाला नैरोबीपेक्षा जवळ, पण युरोपची ट्रिप रद्द करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. लोकांच्या मनात "आफ्रिका" ही एकच जागा होती. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी मेक्सिकोचं असंच झालं, राजधानीतल्या बातम्यांनी पार दुसऱ्या टोकाच्या कानकुनची किनाऱ्यावरची हॉटेलं रिकामी केली.

शहराच्या आतही हेच होतं. टोरांटोत २००३ मध्ये सार्सची लागण मुख्यतः हॉस्पिटलांत आणि पेशंटच्या घरच्यांत होत होती, फिरायला आलेल्या माणसाचा तिथे फारसा संबंध येत नव्हता. पण २३ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने टोरांटोला जाऊ नका असं सांगितलं, आठवड्याभरात तो सल्ला मागे घेतला, आणि तरी तो उन्हाळा शहराला भारी पडला. शिक्का बसायला एक दिवस लागतो, पुसायला अख्खा सीझन जातो.

८. क्रूझ एवढी बदनाम का झाली?

डायमंड प्रिन्सेसमुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला उभ्या असलेल्या त्या जहाजावर ३,७११ लोकं होती आणि त्यातल्या ७०० हून जास्त जणांना लागण झाली, आणि हे सगळं जग रोज टीव्हीवर बघत होतं. केबिनमध्ये कोंडलेली माणसं, खाली किनाऱ्यावर ॲम्ब्युलन्सची रांग. आजारापेक्षा ती कोंडलेली माणसं लोकांच्या लक्षात राहिली. आणि तरी क्रूझचे जुने ग्राहक सगळ्यात आधी परत आले, ओळखीची जागा कमी धोक्याची वाटते हे तिथेही लागू पडतं.

९. खरं सांगू का, मला आजाराची भीती नाही, तिकडे अडकून पडायची आहे. असं फक्त मलाच वाटतं का?

अजिबात नाही. २०२१ नंतरच्या मेलमध्ये तर आजारापेक्षा हेच जास्त असतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर परतीचं विमान कसं पकडायचं, क्वारंटाइन हॉटेलचा खर्च कोण देणार, ऑफिसला काय सांगायचं, मागे मुलं किंवा आई-वडील एकटे आहेत त्यांचं काय, आणि मी झोपेत असताना नियम बदलला तर काय.

ही भीती पोकळ नाही. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने नवीन व्हेरियंट कळवला, २६ ला त्याचं ओमिक्रॉन असं नाव ठेवलं गेलं आणि तेवढ्या दोन-तीन दिवसांत कितीतरी देशांनी आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातून येणाऱ्यांना दारं लावून घेतली. जी माणसं तिकडे नुसती फिरायला गेली होती ती एका रात्रीत अडकली, तब्येत ठणठणीत असताना. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९ एप्रिल २०२१ ला क्वारंटाइनशिवाय ये-जा सुरू केली, दोन्हीकडे केसेस जवळपास नव्हत्याच, तरी तो प्रवास मध्येमध्ये थांबवावा लागला आणि जुलैमध्ये बंदच झाला. अशा वेळी आजाराची रिस्क जवळपास शून्य पण ट्रिपची रिस्क मोठी, आणि दोन्हीला आपण बोलताना "कोविडची भीती" एवढंच म्हणतो.

म्हणून देशांनी नुसतं "आम्ही सेफ आहोत" असं सांगून उपयोग होत नाही. नियम साधे आणि महिनाभर तरी तेच राहणारे असतील तर थोडा कडक नियमही लोकं स्वीकारतात. एक टेस्ट, एक कागद, आणि पॉझिटिव्ह आल्यास पुढे काय होणार ते आधीच लिहिलेलं. युरोपियन युनियनने १ जुलै २०२१ पासून सगळ्या सदस्य देशांत चालणारं एकच कोविड सर्टिफिकेट काढलं त्याचा मुख्य फायदा मला हाच वाटतो, व्हायरस काही कमी झाला नाही पण गोंधळ कमी झाला. विम्याचं मात्र नीट वाचा, साथ एकदा जाहीर झाली की ती "आधीच माहीत असलेली घटना" धरली जाते आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये नुसत्या भीतीपोटी केलेलं कॅन्सलेशन बसत नाही.

१०. म्हातारी माणसं जास्त घाबरतात आणि तरुण बिनधास्त, बरोबर ना?

अर्धं बरोबर. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात वयस्कर लोकांना "झालं तर मी वाचणार नाही" ही शक्यता तरुणांपेक्षा जास्त वाटत होती, पण "मला होईल" ही शक्यता कमी वाटत होती. आणि एकंदरीत त्यांना काळजी-उदासी तरुणांपेक्षा कमीच होती. प्रवासात हे असं दिसतं की सत्तरीतला माणूस महिनोनमहिने घराबाहेर पडत नाही आणि मग एकदम म्हणतो, माझ्याकडे वर्षं किती राहिलीत, मी चाललो. त्याने धोका कमी मोजलेला नसतो, थांबण्याची किंमत त्याच्यासाठी मोठी असते इतकंच.

तरुणांमध्ये वेगळीच गोष्ट चालते, "होईल, पण मला नाही, दुसऱ्याला". ही सवय सगळ्या वयांत आहे, तरुणांत जरा जास्त उघड. पण घरी आजी असेल तर तोच मुलगा ट्रिप सोडतो, कारण स्वतःला होण्यापेक्षा आपल्यामुळे दुसऱ्याला होण्याची भीती जास्त टोचते. नुसतं "सांभाळा" असं ओरडण्यापेक्षा "तुझ्यामुळे आजीला होईल" हे एक वाक्य जास्त काम करतं.

११. आमच्या घरात एकाला जायचंय आणि एकाला नाही, रोज वाद होतात. कोणाचं ऐकायचं?

ते मी सांगू शकत नाही, पण साधारण होतं काय ते सांगते. ग्रुपमध्ये रिस्कची सरासरी निघत नाही, सगळ्यात जास्त घाबरलेल्या माणसाकडे व्हेटो असतो, कारण "काही झालं तर तू जबाबदार" हे वाक्य कोणालाच नको असतं. म्हणून चार जणांच्या ग्रुपमधले तीन तयार असले तरी ट्रिप होत नाही.

वाद सोडवायचा असेल तर दोघांनी वेगवेगळं लिहून काढा की नक्की कशाची भीती वाटतेय. बहुतेक वेळा एक जण आजाराबद्दल बोलत असतो आणि दुसरा अडकण्याबद्दल किंवा पैशांबद्दल (प्रश्न ९), आणि तासभर भांडण चाललेलं असतं वेगवेगळ्या विषयांवर. अडकण्याची भीती परत मिळणाऱ्या तिकिटाने बरीच सुटते. आजाराची सुटत नाही, तिथे जागा किंवा वेळ बदलावी लागते.

१२. हॉटेलने रूम सॅनिटाइझ करून सील लावलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवायचा का?

सील लावलेलं असेल तर सफाई झाली असेल, पण ती कशासाठी हा प्रश्न आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. लागण मुख्यतः हवेतून होते. मग खिडकी उघडते का, एसी बाहेरची हवा घेतो का, डायनिंग हॉल बंदिस्त आहे का, हे विचारायला हवं होतं, पण हवा दिसत नाही आणि सॅनिटायझरचा वास येतो, त्यामुळे लोकं वासालाच मार्क देत राहिली आणि हॉटेलंही तेच दाखवत राहिली. आजार दुसरा असेल तर उत्तर बदलेल, उलट्या-जुलाबाच्या व्हायरसला पृष्ठभाग पुसणं खरंच महत्त्वाचं असतं.

१३. लस घेतली की लोकं जास्तच मोकाट सुटतात, हे खरंय का?

प्रवास वाढतो हे खरं, आणि त्यात गैर काय ते मला कळत नाही. जड आजार होण्याची शक्यता कमी झाली की आधी टाळलेली गोष्ट माणूस करणारच, लस त्यासाठीच तर घेतली. संरक्षण मिळालं म्हणून माणूस सगळा फायदा बेफिकिरीत उडवतो असा दावा सीटबेल्टच्या वेळी, १९७५ मध्ये, सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने केला होता आणि त्यावर तेव्हापासून वाद चालू आहे. प्रवासात खरा घोळ होतो तो एक डोस झाल्यावर किंवा दंडात सुई टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी विमान पकडण्यात, शरीराला तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात आणि मन मात्र त्याच मिनिटाला निर्धास्त होतं.

१४. पहिल्या लाटेत थोड्या केसेस होत्या तर सगळे घरात, नंतर कितीतरी पट केसेस आणि एअरपोर्ट फुल. असं उलटं का?

कारण भीती केसेसच्या संख्येवर चालत नाही, बदलावर आणि नवेपणावर चालते. रेल्वे लाइनीशेजारी राहणाऱ्याला गाडीचा आवाज काही दिवसांनी ऐकूच येत नाही, तसं रोजच्या आकड्यांचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०२० मध्येच सारखं सावध राहण्याचा हा थकवा गंभीरपणे घ्या असं सांगितलं होतं.

पण नुसता थकवा म्हणूनही चालणार नाही, मधल्या काळात माहिती खरंच बदलली होती. लस आली, उपचार कळले, ओळखीतले लोकं आजारी पडून बरे झाले. एकदा स्वतःला होऊन गेलं की अनोळखी धोका ओळखीचा होतो, प्रश्न ३ मधल्या दोनपैकी एक गोष्ट तिथेच गळून पडते. काहींच्या बाबतीत उलटंही होतं, घरातलं माणूस गेलेलं असेल तर भीती आकड्यांच्या कितीतरी नंतरपर्यंत राहते.

आणि इच्छा तर कधी मेलीच नव्हती, दाबून ठेवलेली होती. १० ऑक्टोबर २०२० ला क्वांटास या ऑस्ट्रेलियाच्या विमान कंपनीने सिडनीहून उडून सात तासांनी सिडनीलाच उतरणारं विमान सोडलं, कुठेही न जाणारं, त्याची तिकिटं दहा मिनिटांत संपली होती.

१५. भीतीमुळे प्रवास वाढतो असंही होतं का?

होतं. ७ मार्च २०२० च्या रात्री इटलीत लोम्बार्डी (मिलान ज्यात येतं तो प्रांत) बंद करणार असा मसुदा बाहेर फुटला आणि मिलानमधून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांवर लोकांची झुंबड उडाली. फ्रान्सने १७ मार्चला लॉकडाऊन लावलं त्या आसपासच्या दिवसांत पॅरिस आणि उपनगरांतून दहा लाखांहून जास्त लोकं बाहेर पडली, मोबाईलच्या डेटावरून ते कळलं. साथ जिथे आहे तिथून पळायचं किंवा आपल्या माणसांपाशी जायचं, आणि बऱ्याचदा दार बंद व्हायच्या आत पोचायचं. म्हणून बंदी "उद्यापासून" असं सांगणं किंवा बातमी आधी फुटणं हे सगळ्यात वाईट, जी गर्दी टाळायची तीच तयार होते. या लोकांनाही भीतीच वाटत होती, फक्त तिने त्यांना घराऐवजी स्टेशनवर नेलं.

१६. सर्वेमध्ये लोकं सांगतात "मी वर्षभर कुठे जाणार नाही" आणि दोन महिन्यांत फोटो टाकतात. असे सर्वे मग वाचायचेच कशाला?

दिशा बघायला वाचा, आकडा बघायला नको. घरात बसून भीतीच्या दिवशी दिलेलं उत्तर त्या दिवसाच्या मूडचं असतं. आणि ज्यांना सर्वे पाठवला ते बहुतेक ऑनलाइन असलेले, सुट्टीला जाणं परवडणारे लोकं असतात, ज्याला आजारी भावाला भेटायला जायचंय त्याला कोणी विचारत नाही. तोच माणूस भीती वाटत असताना सगळ्यात आधी निघतो, नातेवाइकांना भेटायचा प्रवास पर्यटनापेक्षा जास्त तग धरतो. प्रत्यक्ष बुकिंग आणि कॅन्सलेशनचे आकडे मिळाले तर ते जास्त विश्वासाचे, पण तिथेही प्रश्न २ आणि ६ मधली अडचण आहेच, कोण भीतीने थांबला आणि कोणाला थांबवलं गेलं ते त्यातून कळत नाही.

१७. आता सगळं आधीसारखं झालं का?

आकड्यांत झालं. २०१९ मध्ये जगात परदेशी पर्यटकांच्या सुमारे १४६ कोटी भेटी झाल्या होत्या, २०२० मध्ये त्या ४० कोटींच्या आसपास आल्या, २०२३ मध्ये परत १३० कोटींच्या घरात आणि २०२४ मध्ये जवळपास जुन्या पातळीवर. आणीबाणी संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला जाहीर केलं, लोकांनी ती आपल्यापुरती त्याच्या बरीच आधी संपवली होती.

बदललं ते ऑफिसच्या कामाचं फिरणं, एका मीटिंगसाठी विमानाने जायचं का हा प्रश्न आता विचारला जातो. पण त्याला भीतीपेक्षा व्हिडिओ कॉलची सवय आणि खर्च जास्त कारण आहे. तिकीट बदलायला पैसे लागतात का हे बुक करायच्या आधी बघायची सवयही टिकलेली दिसते.

१८. आम्ही घाबरून ट्रिप सोडली, नंतर तिकडे काहीच झालं नाही. म्हणजे पैसे फुकट गेले ना?

हे नंतर कधीच कळत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न एवढा छळतो. तुम्ही नाही गेलात, तुमच्यासारखे आणखी हजारो नाही गेले, तिथे गर्दी झाली नाही, लागण वाढली नाही. आता काही झालं नाही ते धोका नव्हता म्हणून की लोकं आली नाहीत म्हणून, हे वेगळं करता येत नाही. एका माणसाच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण धोका मोठा असतानाही गेलेल्यांतले बहुतेक जण धडधाकट परत येतात आणि "बघ, काही झालं नाही" म्हणतात.

त्यामुळे निर्णय बरोबर होता का हे शेवटावरून नका ठरवू, त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं त्यावरून ठरवा. तेव्हा घरात गरोदर बाई होती, नियम रोज बदलत होते आणि तिकीट अर्धं परत मिळत होतं, तर सोडणं योग्यच होतं, तिकडे नंतर एकही केस निघाली नसली तरी. आणि नुसत्या एका फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर सोडली असेल, तर तिकडे नंतर खरंच साथ पसरली तरी त्याला नशीबच म्हणायचं. राहिलेल्या अर्ध्या पैशांसाठी विमान कंपनीला लेखी विचारून बघा. विमान त्यांनी स्वतःहून रद्द केलं असेल तर बऱ्याच देशांच्या नियमांत पूर्ण पैसे परत मिळतात, तुम्ही आधी कॅन्सल केलं असेल तर मात्र तिकिटाच्या अटीच लागू होतात, म्हणून पुढच्या वेळी ते स्वतः रद्द करतायत का याची शक्य तितकी वाट बघा.